शहापूर : भूगोल, लोकसंख्या आणि कारभार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील अनेक कुटुंबांचा शहापूरशी या ना त्या कारणाने संबंध येतो. कोणाचे मूळ गाव त्या तालुक्यात असते, कोणाची नेमणूक तेथे झालेली असते, तर कोणी जागा पाहण्यासाठी जात असते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. आरंभीच एक गोष्ट लक्षात घ्यावी. शहापूर शहर, शहापूर तालुका आणि शहापूर विधानसभा मतदारसंघ ही तीन वेगवेगळी क्षेत्रे आहेत आणि बहुतेक गोंधळ ती एकच मानल्यामुळे होतो.

शहापूर नेमके कोठे आहे आणि तेथे कसे जाता येते?

शहापूर हे ठाणे जिल्ह्याच्या ईशान्य भागातील तालुक्याचे ठिकाण असून ते मुंबई–नाशिक महामार्गावर, म्हणजे जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ वर वसलेले आहे. ठाण्याहून रस्त्याने निघाल्यास भिवंडी वळणरस्ता, पडघा आणि वासिंद असा क्रम लागतो आणि अंतर सुमारे ५५ किलोमीटर भरते. रेल्वेने जायचे असल्यास मध्य रेल्वेची आसनगाव किंवा कसारा लोकल पकडून आसनगावला उतरावे लागते. नवी मुंबईकरांना ट्रान्स-हार्बर मार्गाने ठाण्याला येऊन गाडी बदलावी लागते. कल्याणच्या पुढे गाड्या विरळ होतात, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच घराबाहेर पडलेले बरे.

आसनगाव स्थानक शहापूर शहराच्या हद्दीत येते का?

नाही. स्थानक आसनगाव या स्वतंत्र ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात असून शहराची बाजारपेठ तेथून दोन-तीन किलोमीटरवर आहे. हे अंतर बहुतेक लोक वाटून घेतलेल्या रिक्षाने कापतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून आसनगाव सुमारे ८६ किलोमीटर आहे.

या वेगळेपणाला इतिहास आहे. कल्याणहून वासिंदपर्यंतचा लोहमार्ग १८५५ मध्ये सुरू झाला, तो १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १८६१ च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत पोहोचला. घाट ओलांडून इगतपुरी गाठायला मात्र १८६५ साल उजाडले. मार्गाची आखणी घाटाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या सोयीच्या चढाने झाली आणि शहापूरचे जुने गाव बाजूला राहिले. आज घरांची दाटी मुख्यतः स्थानक आणि महामार्ग यांच्या आसपास वाढत आहे. शहराला लागून असलेल्या चेरपोली, गोठेघर यांसारख्या गावांत उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या जाहिरातींत सर्रास ‘शहापूर’ असे लिहिलेले असते, पण त्या इमारतींना पाणी, रस्ते आणि दिवाबत्ती पुरवण्याची जबाबदारी संबंधित ग्रामपंचायतीची असते.

शहराभोवतीची भूरचना कशी आहे?

पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग, वायव्येला माहुलीचा सुटा डोंगर आणि मध्ये लहान-मोठ्या टेकड्या व भातखाचरांचा उताराचा प्रदेश, असे या भागाचे स्थूल चित्र आहे. क्षेत्रफळाने शहापूर हा ठाणे जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका आहे. खुद्द शहराजवळून भारंगी नदी वाहते. उन्हाळ्यात ती क्षीण असते, पण पावसाळ्यात काही तासांत फुगते आणि सखल वस्त्यांत पाणी शिरते. जुलै २०२४ मधील अतिवृष्टीत शहराने हा अनुभव घेतला आणि त्याच वेळी कसारा मार्गावरील रेल्वे वाहतूकही कोलमडली.

तालुक्यातील पाणी दोन खोऱ्यांत विभागले जाते. दक्षिणेकडील भातसा आणि तिला मिळणारे ओढे-नद्या उल्हास खोऱ्यात जातात, तर उत्तरेकडील तानसा नदी वैतरणा खोऱ्याचा भाग आहे. माहुली किल्ला समुद्रसपाटीपासून ८५८ मीटर उंच असून त्याचे सुळके आसनगावच्या फलाटावरूनही दिसतात. शहाजीराजांनी १६३६ मध्ये मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्याला याच किल्ल्यावरून तोंड दिले होते. किल्ल्याभोवतीच्या जंगलाचा मोठा भाग तानसा अभयारण्यात समाविष्ट आहे.

मुंबईच्या पाण्यात या तालुक्याचा वाटा किती?

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण उपयुक्त साठवण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी एकट्या भातसा धरणाची क्षमता ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा तलावात १,४५,०८० दशलक्ष लिटर पाणी मावते. तालुक्याच्या उत्तर सीमेवर वैतरणेवर बांधलेल्या मोडकसागराची क्षमता १,२८,९२५ दशलक्ष लिटर असून तो १९५७ पासून वापरात आहे. या तिघांची बेरीज एकूण साठ्याच्या दोन तृतीयांशांहून अधिक होते. ठाणे शहराच्या पुरवठ्यातही भातसा नदीच्या पाण्याचा मोठा वाटा आहे.

तानसा आणि मोडकसागर हे मुंबई महानगरपालिकेचे तलाव आहेत. भातसा धरण मात्र राज्याच्या जलसंपदा विभागाचे असून तेथून सोडलेले पाणी नदीपात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते, तेथे उपसले जाते आणि पांजरापूर येथील केंद्रात शुद्ध होऊन पुढे जाते. धरणे कोणाच्या गावाजवळ आहेत यापेक्षा ती कोणाच्या पैशाने, कोणत्या करारानुसार आणि कोणत्या वापरासाठी बांधली गेली, यावर पाण्याचा हक्क ठरत आला आहे.

मग याच तालुक्यातील गावांना उन्हाळ्यात टँकरने पाणी का पुरवावे लागते?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा आणि बहुधा रागाने विचारला जातो. त्याचे उत्तर काही अंशी भूगर्भात आणि काही अंशी कारभारात आहे.

येथे चार महिन्यांत भरपूर पाऊस पडतो, पण जमिनीखाली कठीण बेसाल्टचे थर आहेत. या खडकात पाणी साठते ते केवळ भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि तो थर उतारावर पातळ असतो. परिणामी पावसाचे बहुतांश पाणी ओढ्यांवाटे वाहून जाते, दिवाळीनंतर विहिरींची पातळी उतरू लागते आणि फेब्रुवारी-मार्चपासून डोंगराळ पाड्यांवरील विहिरी तळ गाठतात. धरणांत पाणी असते, परंतु ते नदीच्या तळाशी आणि पाडे असतात वर, टेकड्यांच्या खांद्यावर. विखुरलेल्या, प्रत्येकी वीस-तीस घरांच्या वस्त्यांपर्यंत पाणी उचलून नेण्यासाठी पंप, वीज, वाहिन्या आणि नियमित देखभाल लागते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नात हा खर्च बसत नाही आणि वीजबिल थकले की पूर्ण झालेली योजनाही बंद पडते.

यावर उपाय म्हणून इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून, म्हणजे घाटमाथ्यावरून गुरुत्वाकर्षणाने पाणी खाली आणण्याची योजना आखण्यात आली. शंभराच्या आसपास गावे आणि त्यांचे पाडे तिच्या कक्षेत आहेत. पाणी उंचावरून येणार असल्याने पंपाच्या वीजबिलाचा प्रश्न तिच्यात बऱ्याच अंशी टळतो, आणि तालुक्याच्या दृष्टीने तिचे हेच खरे वैशिष्ट्य आहे. तरीसुद्धा उशाशी तीन जलाशय असताना शेजारच्या जिल्ह्यातील धरणाकडे पाहावे लागणे ही परिस्थिती लाजिरवाणी आहे, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

लोकसंख्या किती आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३,१४,१०३ होती. पालघर वेगळा झाल्यानंतरच्या ठाणे जिल्ह्याची त्याच जनगणनेनुसारची लोकसंख्या ८०,७०,०३२ भरते, म्हणजे क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या असलेल्या या तालुक्यात जिल्ह्यातील चार टक्केही लोक राहत नव्हते. तुलनेसाठी, ठाणे तालुक्याची लोकसंख्या ३७,८७,०३६ आणि शेजारच्या मुरबाड तालुक्याची १,९०,६५२ होती. शहापूर शहर हे तालुक्याच्या लोकसंख्येचा एक लहान हिस्सा आहे. बाकीचे लोक वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा, किन्हवली, डोळखांब, अघई अशी मोठी गावे आणि असंख्य पाडे यांत विखुरलेले आहेत.

तालुक्यात आगरी, कुणबी आणि इतर समाजांबरोबर वारली, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी या आदिवासी जमातींची मोठी वस्ती आहे. त्यांच्यासाठीच्या शासकीय योजना चालवणारे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय शहापूर येथेच आहे. कातकरी आणि इतर भूमिहीन कुटुंबांपैकी बरीच दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामासाठी गाव सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे एखाद्या पाड्यावर डिसेंबरात आणि जुलैत मोजलेली माणसे सारखी भरत नाहीत.

२०११ मध्ये शहापूरला ‘जनगणना नगर’ म्हटले होते. म्हणजे ते तेव्हाच शहर होते का?

जनगणनेच्या दृष्टीने होते, कारभाराच्या दृष्टीने नव्हते. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात, या तीन अटी पूर्ण करणाऱ्या गावाला जनगणना विभाग नागरी क्षेत्रात मोजतो, मग तेथे ग्रामपंचायत असली तरी हरकत नसते. शहापूरची स्थिती तशीच होती. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही ठरलेली असून त्या मोजणीत शहापूर प्रथमच नगरपंचायत म्हणून नोंदले जाईल. त्यामुळे २०११ आणि २०२७ च्या आकड्यांची तुलना करताना हद्द तीच आहे का, हे आधी तपासावे लागेल.

नगरपंचायत केव्हा आणि कशासाठी स्थापन झाली?

शहापूर नगरपंचायत २०१५ मध्ये अस्तित्वात आली. मुरबाडचीही त्याच वर्षी झाली. तालुका मुख्यालयाच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण राज्य शासनाने २०१४ मध्ये स्वीकारले होते, त्याचाच हा भाग होता. ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमण करणाऱ्या वस्तीसाठी, साधारणतः १०,००० ते २५,००० लोकसंख्येच्या गावासाठी, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मध्ये नगरपंचायतीची तरतूद आहे. लोकसंख्येबरोबरच शेतीबाहेरील रोजगाराचे प्रमाणही त्यात पाहिले जाते.

नगरपंचायतीचा कारभार कोण चालवते?

शहराचे १७ प्रभाग असून प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडला जातो. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. गेली सार्वत्रिक निवडणूक दोन टप्प्यांत झाली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यामुळे त्या जागा खुल्या करून त्यांचे मतदान १८ जानेवारी २०२२ रोजी घ्यावे लागले, तर उर्वरित जागांचे मतदान २१ डिसेंबर २०२१ रोजी झाले होते. मतमोजणी सर्व जागांची एकत्रच झाली.

नगराध्यक्ष हे शहराचे प्रथम नागरिक असतात आणि सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात. त्यांची निवड थेट मतदारांनी करायची की नगरसेवकांनी आपल्यातून करायची, याबाबत राज्याचा कायदा अल्पावधीत उलटसुलट बदलला आहे. २०२० मध्ये थेट निवड रद्द झाली आणि २०२२ च्या मध्यावर ती पुन्हा आणली गेली. शहापूरची निवडणूक या दोन बदलांच्या मधल्या काळात झाल्याने तेथे नगरसेवकांनी नगराध्यक्ष निवडले.

प्रत्यक्ष प्रशासनाचे प्रमुख असतात मुख्याधिकारी. ते राज्य शासनाचे अधिकारी असून त्यांची बदली शासन करते. ठराव करणे हे सभेचे काम आणि त्याची अंमलबजावणी, कर्मचाऱ्यांवरील नियंत्रण, खर्चाची कायदेशीरता तपासणे हे मुख्याधिकाऱ्यांचे काम, अशी विभागणी आहे. त्यांच्यावर जिल्हाधिकाऱ्यांची देखरेख असते आणि त्यापुढील पातळी म्हणजे नवी मुंबईत बेलापूरच्या कोकण भवनात बसणारे कोकण विभागीय आयुक्त. लहान शहरात बहुतेक नागरिक नगरसेवकाला ओळखतात आणि मुख्याधिकाऱ्याला ओळखत नाहीत, पण लेखी अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे असेल तरच त्याची नोंद होते, हे ध्यानात ठेवावे.

ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आल्याने रहिवाशांच्या दृष्टीने काय बदलले?

सर्वांत ठळक बदल असा की शहरातील मतदार आता जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीत मतदान करत नाहीत. पंचायत समितीचे कार्यालय शहापुरातच असले तरी तिचा कारभार आसपासच्या गावांसाठी चालतो. ग्रामीण घरकुल आणि ग्रामीण रोजगाराच्या योजना शहराच्या हद्दीत लागू होत नाहीत, त्यांच्या जागी नागरी योजना येतात. बांधकाम परवानगी नगरपंचायतीकडून घ्यावी लागते आणि तिला २०२० च्या डिसेंबरात लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मालमत्ता कराची आकारणी नव्या कायद्यानुसार होते. लोक अजूनही तिला घरपट्टीच म्हणतात, आणि ती वाढल्याची तक्रारही त्याच नावाने करतात.

दुसरा बदल कमी बोलला जातो, पण माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. ग्रामपंचायत असताना प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य होता. तो उभा राहून हिशेब मागू शकत होता आणि त्याचा प्रश्न इतिवृत्तात लिहिला जात होता. नगरपंचायतीत ग्रामसभेसारखी व्यवस्था नाही. अंदाजपत्रक नगरसेवकांच्या सभेत मंजूर होते आणि सामान्य नागरिकाजवळ निवेदन, हरकती-सूचना, माहितीचा अधिकार आणि पाच वर्षांनी येणारे मतदान एवढीच साधने उरतात. ग्रामसभा बहुधा गणपूर्तीअभावी तहकूब होत असत, असा युक्तिवाद यावर केला जातो आणि तो खोटा नाही. तथापि तहकूब होणारी सभा आणि मुळातच नसलेली सभा यांत फरक आहे. निधीच्या बाबतीत मात्र नगरपंचायत वरचढ ठरते, कारण रस्ते, गटारे, घनकचरा आणि अग्निशमन यांसाठी नगरविकास विभागाची स्वतंत्र अनुदाने तिला मिळू शकतात.

तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. मग पेसा कायदा शहरात लागू होतो का?

१९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार संपूर्ण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी वस्तीसाठी घटनेने वेगळ्या तरतुदी केलेल्या भागात, येतो. परंतु पेसा हा १९९६ चा कायदा पंचायतींसाठी असून त्यातील अधिकार ग्रामसभेला दिलेले आहेत. त्यामुळे गौण वनोपज, जमीन आणि पाणवठे यांविषयीचे ग्रामसभेचे अधिकार तालुक्यातील गावांना मिळतात. जेथे ग्रामसभाच नाही तेथे ते वापरणार कोण, हा प्रश्न उरतो. याला लागून असलेला घटनेतील मुद्दा असा की नगरपालिकांविषयीचा भाग नऊ-अ अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. संसदेने तसा विस्तार करणारा कायदा अद्याप केलेला नाही आणि अशी शहरे राज्याच्या कायद्यावर चालतात.

कोणत्या कामासाठी कोणत्या कार्यालयात जावे?

जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंदणी, नळजोडणी, मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगी यांसाठी, घर शहराच्या हद्दीत असल्यास, नगरपंचायतीत जावे. सातबारा आणि फेरफार हे महसूल खात्याकडेच राहतात, म्हणून तलाठी व तहसील कार्यालय गाठावे लागते. महसुली अपिलासाठी उपविभागीय अधिकारी भिवंडी येथे बसतात आणि यासाठी होणारा फेरा अनेकांना खटकतो. पोलिसांच्या बाबतीत हा भाग ठाणे शहर आयुक्तालयात नसून ठाणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत आहे. शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे.

शहर कोणत्या मतदारसंघात येते?

विधानसभेसाठी शहापूर (क्रमांक १३५, अनुसूचित जमातींसाठी राखीव) आणि लोकसभेसाठी भिवंडी.

लोकांचा उदरनिर्वाह कशावर चालतो?

शहरात व्यापार, शासकीय नोकऱ्या, वाहतूक आणि कल्याण-ठाण्याकडे रोज लोकलने जाणारा नोकरवर्ग, तर गावांत खरिपाचे भात, वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी-वरी आणि पाण्याची सोय असेल तेथे रब्बीतील भेंडी व काकडी. येथील भेंडी वाशीच्या बाजारात जाते आणि तिचा काही भाग निर्यातही होतो. वासिंद, आसनगाव आणि आटगाव या पट्ट्यात कारखाने व गोदामे आहेत.

समृद्धी महामार्गामुळे काय फरक पडला?

मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाची एकूण लांबी ७०१ किलोमीटर असून इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. मात्र हा रस्ता प्रवेशनियंत्रित असल्याने ठरावीक ठिकाणांखेरीज त्यावर चढता किंवा उतरता येत नाही, म्हणून शहराच्या दैनंदिन वाहतुकीसाठी जुना महामार्गच महत्त्वाचा राहिला आहे. जमिनींच्या किमती मात्र रस्ता होण्याच्या पुष्कळ आधीपासूनच वर गेल्या होत्या.

शहापुरात जागा घेण्यापूर्वी काय तपासावे?

प्रथम हद्द तपासावी, म्हणजे भूखंड नगरपंचायतीत आहे की ग्रामपंचायतीत, हे विक्रेत्याच्या तोंडी माहितीवर न सोडता नकाशावरून आणि कराच्या पावतीवरून ठरवावे. त्यानंतर सातबारा आणि जुने फेरफार वाचावेत. जमीन आदिवासी खातेदाराची असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीला हस्तांतरित करता येत नाही आणि या मंजुरीसाठी शासनाची पूर्वमान्यता लागते. साठेकरार, कुलमुखत्यारपत्र किंवा दीर्घ भाडेपट्टा अशा आडवाटांनी केलेले व्यवहारही या बंधनातून सुटत नाहीत. शेतजमीन विकत घेण्यासाठी खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो. याखेरीज जमिनीवर वन विभागाची नोंद आहे का आणि ती तानसा अभयारण्याच्या परिसरातील निर्बंधांत येते का, हेही पाहावे. शेवटी पाण्याचा स्रोत स्वतः जाऊन पाहावा आणि ही पाहणी पावसाळ्यात न करता एप्रिल किंवा मे महिन्यात करावी.